फ्रेम कुठे लवावी?

सायकलची फ्रेम म्हणजे मुळात दोन त्रिकोण. पुढचा मोठा, सीटपासून हँडलपर्यंत आणि तिथून खाली पायडलच्या आसापर्यंत. मागचा बारीक दांड्यांचा, मागचे चाक धरणारा. पुढच्या त्रिकोणाला हँडलखालची आखूड नळी ही चौथी बाजू असते खरी, पण काम तो त्रिकोणासारखेच करतो. चौकोनाच्या एका कोपऱ्यावर जोर दिला की तो कलंडतो. त्रिकोण कलंडत नाही, कारण त्याचा आकार बदलायचा तर निदान एक बाजू लांब किंवा आखूड व्हावी लागते, आणि पोलादाची नळी लांबीच्या दिशेने दाबली तर जवळजवळ हलतच नाही. मागच्या चाकापासून सीटकडे जाणाऱ्या दोन दांड्यांवर शंभर किलोचा भार टाकला, तरी त्या केसाच्या जाडीएवढ्यासुद्धा आखूड होत नाहीत.

म्हणूनच हा आकार टिकला. १८८५ मध्ये इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, चेनवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल आणली. पुढच्या पाचेक वर्षांत तिची फ्रेम आजच्या आकारात स्थिरावली आणि तेव्हापासून सव्वाशेहून अधिक वर्षे ती मूळ स्वरूपात तशीच आहे. इतक्या कमी धातूत इतका भार पेलणाऱ्या वस्तू माणसाने फार थोड्या बनवल्या आहेत. पण याच गुणाचा त्रास बसणाऱ्याच्या पाठीला होतो. चाकाखाली दगड आला की त्याचा धक्का मागच्या दांड्यांतून थेट सीटपर्यंत चढतो. वाटेत त्याला अडवणारे काहीच नसते. फ्रेमने हा धक्का सोसावा असे वाटत असेल, तर त्रिकोण कुठेतरी जाणूनबुजून मोडावा लागतो. तो कुठे मोडायचा, किती मोडायचा आणि त्याची किंमत कोणी द्यायची, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

पहिला गंभीर प्रयत्न झाला तोही १८८५ मध्येच. लंडनच्या लिन्ली अँड बिग्ज या कंपनीने ‘व्हिपेट’ नावाची सायकल काढली. तेव्हा टायर भरीव रबराचे असत आणि रस्ते खडीचे. व्हिपेटच्या रचनाकाराने एक गोष्ट अचूक ओळखली होती. सायकल चालवणाऱ्याचे शरीर तीन ठिकाणी टेकते: सीट, हँडल आणि पायडल. ही तीन ठिकाणे एकमेकांपासून सरकू लागली तर पाय कधी पुरतो, कधी पुरत नाही, आणि जोर वाया जातो. म्हणून त्याने या तिन्ही जागा एका ताठ त्रिकोणात जखडल्या आणि तो सगळा त्रिकोण, माणसासकट, चाके धरणाऱ्या चौकटीत स्प्रिंगवर टांगला. चाके हवी तेवढी उडोत, माणसाची मांडणी बिघडत नाही. आज डोंगराळ वाटांवर चालणाऱ्या महागड्या सायकलींत पुढचा त्रिकोण ताठ ठेवून चाके हलती ठेवतात, ते तत्त्व हेच आहे.

व्हिपेट हरली ती स्वतःच्या दोषामुळे नाही. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलप या जनावरांच्या डॉक्टरांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेला टायर केला, आणि १८८९ मध्ये विली ह्यूम या स्वाराने त्या टायरांवर बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या. स्प्रिंगा, बिजागऱ्या, जादा वजन यांनी जे साधत होते, ते एका रबरी नळीतल्या हवेने जास्त चांगले साधले. काही वर्षांतच स्प्रिंगच्या फ्रेमा बाजारातून उठल्या. १८९० च्या दशकात मिकाएल पेडरसन या डॅनिश माणसाने इंग्लंडमधल्या डर्सली गावात बारीक नळ्यांच्या अनेक त्रिकोणांची एक सुंदर सायकल बनवली. तिची फ्रेम ताठच होती. लवचीकपणा त्याने सगळा बैठकीत नेला आणि सीटऐवजी दोन टोकांत ताणलेली विणीची झोळी बसवली. ती मोजक्या शौकिनांपुरती राहिली.

हवेच्या टायरने हा प्रश्न कायमचा मिटवला असे म्हणता आले असते. तो का मिटला नाही, हे समजायला थोडे गणित लागते. ते सोपे आहे आणि लवचीक फ्रेमचे सगळे मर्म त्यातच आहे.

कावड वाहणारा माणूस आठवा. चालताना त्याचा खांदा वरखाली होतो, पण लवणाऱ्या बांबूच्या टोकांना लटकलेले हंडे जवळजवळ एका पातळीत पुढे सरकतात. बांबूला त्या भारासकट लवून पुन्हा वर यायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा पावले लवकर पडतात, म्हणून हंड्यांपर्यंत पावलांचा हिसका पोचत नाही आणि खांद्यावरचा कमाल दाब कमी होतो. प्रत्येक लवणाऱ्या वस्तूला, तिच्यावरच्या भारासकट, अशी आपली एक लय असते. धक्के त्या लयीपेक्षा बरेच जलद असतील तर ते गाळले जातात. लयीशी जुळले तर मात्र वाढतात.

ही लय काढायला एकच माप पुरते: माणूस बसल्यावर ती वस्तू किती दबते. ढोबळ हिशेबाने, १ मिलिमीटर दबणारी वस्तू सेकंदाला सुमारे १६ वेळा हेलकावते, ४ मिलिमीटर दबणारी ८ वेळा आणि २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर दबणारी, ३ वेळा. आता पायांकडे पाहा. सरावलेला स्वार मिनिटाला ९० फेरे मारतो. दोन पाय धरून मिनिटाला १८० दाब, म्हणजे सेकंदाला ३. म्हणून इंचभर दबणारी मोकळी, मऊ फ्रेम नेमक्या पायांच्या लयीत झुलू लागते. स्वार जोर लावतो, फ्रेम झोका घेते आणि चढावर तर जीव नकोसा होतो. दुसरीकडे दगडी रस्ता घ्या. पंधरा सेंटिमीटरचे फरसबंदी दगड आणि ताशी ४० किलोमीटर वेग. सेकंदाला ११ मीटर, म्हणजे सत्तरहून अधिक ठोके.

एकीकडे ३ आणि दुसरीकडे ७०. मधली जागा केवढी मोकळी आहे! सेकंदाला सहा ते दहा हेलकाव्यांची लय असलेली फ्रेम पायांच्या नादी लागणार नाही आणि दगडांची थरथर मात्र गाळून टाकील. त्यासाठी ती दबायला हवी फक्त अडीच ते सात मिलिमीटर. लवचीक फ्रेमच्या रचनाकाराचे सगळे कौशल्य या चारपाच मिलिमीटरांच्या पट्ट्यात आहे, असे मला वाटते. या पट्ट्यात एक खोच आहे. बसलेल्या माणसाच्या धडाला सेकंदाला ४ ते ८ वेळांचे उभे कंप सर्वांत जास्त जाणवतात, म्हणजे फ्रेमची लय आणि शरीराची नाजूक जागा शेजारीशेजारी येतात. म्हणून नुसती स्प्रिंग पुरत नाही. हेलकावा लवकर विरवणारे काहीतरी लागते. रबर, कार्बन धाग्यांमधली राळ, लाकूड, बांबू आणि स्वाराचे स्वतःचे स्नायू ते काम करतात. शिवाय हे सगळे थरथरीपुरते. हातभर रुंद खड्डा किंवा गतिरोधक आला तर पाच मिलिमीटरचा लवचीकपणा त्याचे काही बिघडवू शकत नाही. तिथे सीटवरून किंचित उठून कोपर आणि गुडघे सैल सोडणे, हाच उपाय.

टायरही याच पट्ट्यात बसतो. २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये योग्य हवा असेल, तर तो माणसाच्या भाराने साधारण चार मिलिमीटर दबतो. त्याच्यापुढे त्रिकोणी फ्रेमचा उभा लवचीकपणा मिलिमीटरच्या अंशात. ‘पोलादी फ्रेम मऊ, ॲल्युमिनियमची खडतर’ असे सायकलवाले ठासून सांगतात, तेव्हा त्यांना जाणवणारा बराचसा फरक टायर, सीटखालची नळी आणि पुढचे चाक धरणारा चिमटा यांचा असतो. रुंद टायर घालून हवा थोडी कमी करणे हा आजही सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि ज्याची तक्रार त्याने मिटते त्याने नव्या फ्रेमवर पैसे घालवू नयेत.

धातूंबद्दल मात्र थोडे थांबायला हवे, कारण इथे एक विलक्षण योगायोग आहे. ॲल्युमिनियम वजनाने पोलादाच्या एकतृतीयांश. त्याचा ताठपणाही पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश. टायटॅनियम दोन्ही बाबतींत निम्म्याच्या आसपास. म्हणजे ताठपणाला वजनाने भागले की तिन्ही धातू जवळपास सारखे ठरतात. मग फरक पडतो कुठे? आकारात. नळीचा व्यास दुप्पट केला आणि पत्रा तेवढ्याच जाडीचा ठेवला, तर ती वाकायला आठपट ताठ होते. पोलादाऐवजी दुप्पट व्यासाची ॲल्युमिनियमची नळी घेतली, तर वजन सत्तर टक्क्यांवर येते आणि ताठपणा पावणेतीनपट होतो. १९८० च्या दशकात कॅननडेलने जाडजूड ॲल्युमिनियम नळ्यांच्या फ्रेमा आणल्या, त्या ताठ होत्या त्या या हिशेबामुळे. त्याच काळात फ्रान्सच्या व्हिटस कंपनीच्या ॲल्युमिनियम फ्रेमा जुन्या पोलादी मापाच्या बारीक नळ्यांच्या होत्या आणि त्या इतक्या लवत की बलदंड स्वार कुरकुरत. धातू तोच, तरी शॉन केलीने मोठमोठ्या शर्यती जिंकल्या त्या या लवणाऱ्या व्हिटसवर.

ॲल्युमिनियमच्या फ्रेमा ताठ ठेवण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते जास्त गंभीर आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस अचानक मोडू लागले, तेव्हा जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. एका वेळी सहज पेलणारा भार लाखो वेळा दिला तर धातूला चीर जाते, हे त्यांनी दाखवले. पोलादाला एक मर्यादा असते. तिच्या खालचा ताण कितीही वेळा आला तरी ते थकत नाही. टायटॅनियमचेही जवळपास तसेच. ॲल्युमिनियमला मात्र अशी मर्यादा नाही. ताण लहान असला तरी मोजणी चालूच राहते. आणि सायकलवर मोजणी झपाट्याने वाढते. रोज तासभर, मिनिटाला साठ फेऱ्यांनी चालवली, तर दिवसाला ७,२०० दाब, वर्षाला सव्वीस लाखांच्या वर. जी वस्तू मुद्दाम लवण्यासाठी बनवायची, तिच्यासाठी हा आकडा रचनाकाराने डोळ्यांसमोरून हलवता कामा नये.

यावरचा तोडगा बैलगाडीनंतरच्या कितीतरी गाड्यांनी वापरला आहे: कमानपाटा. पट्टी वाकवली की तिच्या बाहेरच्या अंगावर ताण येतो आणि तो पट्टीच्या जाडीच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी केली तर तेवढ्याच वाकण्यात ताण निम्मा होतो. वाकवायला लागणारा जोर तर एकअष्टमांशावर येतो. गेलेली ताकद रुंदी वाढवून भरून काढायची. अशी रुंद, पातळ, आडवी पट्टी वरखाली सहज लवते आणि बाजूला मात्र ताठ राहते. सायकलला हेच हवे असते, कारण मागचे चाक डावीउजवीकडे डुलले तर चेन आणि गिअर बिघडतात, वळणावर भरवसा राहत नाही.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या मूट्स या छोट्या कारखान्याने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा विचार फार साधेपणाने अमलात आणला. त्यांनी मागच्या त्रिकोणाची वरची बाजू सीटनळीजवळ तोडली आणि तिथे जेमतेम इंचभर सरकणारा छोटा स्प्रिंग-खंड बसवला. पायडलच्या आसाजवळ बिजागरी लागायला हवी होती. ती त्यांनी ठेवलीच नाही. खालच्या दांड्या लवतील तेवढ्यावर भागवले. बिजागरी नाही म्हणजे बेअरिंग नाही, झीज नाही, चिखल अडकत नाही. पुढे जॉन कॅस्टेलानो यांनी आयबिस कंपनीसाठी केलेल्या ‘सिल्क टाय’ फ्रेममध्ये खालच्या टायटॅनियम दांड्याच चपट्या करून त्यांचा पाटा बनवला. या सगळ्या धडपडीत मला सर्वांत आवडणारे काम हेच आहे. जोडाजोडी कमी करून जे साधले ते वर्षानुवर्षे दुरुस्तीवाचून चालते.

मिशिगनच्या मार्क ग्रोएंडाल यांची ‘स्लिंगशॉट’ याहून धाडसी. तिच्यात खालची मुख्य नळीच नाही. तिच्या जागी पोलादी तार आणि स्प्रिंग, आणि वरच्या नळीला सीटजवळ लवणारा फायबरग्लासचा सांधा. प्रथम पाहणाऱ्याला ती मोडकी वाटते. वॉशिंग्टन राज्यातल्या सॉफ्टराइडने त्रिकोणाची मागची बाजू काढून टाकली: पुढे घट्ट बसवलेली एक लांब तुळई आणि तिच्या मोकळ्या टोकावर सीट. लांब अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये ती लाडकी झाली, कारण तासन्‌तास बसूनही कंबर शाबूत राहत असे. पण व्हिपेटचा धडा इथे बाजूला पडला होता. सीट आणि पायडल यांच्यातले अंतर बदलत राहायचे, आणि ज्याचा पाय गोल न फिरता ठोके देत फिरतो तो त्या तुळईवर उड्या मारायचा. २००० पासून आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने रस्त्यावरच्या शर्यतींत पारंपरिक आकाराची फ्रेम सक्तीची केली आणि असल्या प्रयोगांची वाट अरुंद झाली. शर्यत माणसांची असावी, यंत्रांची नको, ही महासंघाची भूमिका समजण्यासारखी आहे. तरी त्या नियमाने सामान्य स्वाराच्या पाठीचे नुकसान झाले असे माझे मत आहे, कारण दुकानातली सायकल शर्यतीतल्या सायकलीकडे पाहूनच बनते.

त्याच चौकटीत राहून नवी युक्ती निघाली ती फ्रान्समधल्या पारी-रूबे शर्यतीमुळे. १८९६ पासून चालत आलेल्या, अडीचशेहून अधिक किलोमीटरच्या या शर्यतीत पन्नासेक किलोमीटर रस्ता जुन्या ओबडधोबड दगडी फरसाचा असतो. १९९२ आणि १९९३ मध्ये जिल्बेर द्युक्लो-लासाल सस्पेन्शन असलेल्या चिमट्यावर जिंकला. १९९४ मध्ये बेल्जियमचा योहान म्यूझेउ पुढेमागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली बियांकी घेऊन उतरला. जिंकला मात्र आंद्रेई च्मिल, फक्त चिमट्यात सस्पेन्शन असलेल्या सायकलीवर. त्यानंतर हे जड चिमटेही मागे पडले. २०१२ मध्ये ट्रेकने ‘डोमाने’ काढली. बाहेरून पाहता तिचे दोन्ही त्रिकोण शाबूत आहेत. फक्त सीटची नळी आणि वरची नळी जिथे मिळतात तो कोपरा घट्ट न जोडता तिथे एक आस ठेवला आहे. त्यामुळे सीटनळी सुटी होऊन कमानीसारखी मागे लवते, आणि पायडलपासून मागच्या चाकापर्यंतचा भाग मात्र ताठ राहतो. पायांचा जोर ज्या वाटेने जातो ती वाट सोडून धक्का ज्या वाटेने येतो तिथेच मऊपणा ठेवायचा, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. २०१३ मध्ये फाबियान कान्चेलारा फ्लँडर्स आणि रूबे या दोन्ही दगडी शर्यती डोमानेवर जिंकला.

चाके लहान करून उलट दिशेने जाणारा एक माणूस राहिला. ॲलेक्स मोल्टन हे रबराच्या कारखानदार घराण्यातले अभियंते. १९५९ च्या ‘मिनी’ मोटारीचे रबरी सस्पेन्शन त्यांचे. १९६२ मध्ये त्यांनी सोळा इंची चाकांची सायकल आणली. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल जाते आणि जास्त आपटते, म्हणून त्यांनी टायर अरुंद, कडक ठेवला आणि मऊपणा पुढेमागे रबर वापरलेल्या सस्पेन्शनमध्ये घातला. रबर स्प्रिंगसारखे लवते आणि हेलकावाही स्वतःच विरवते. ही सायकल खेळण्यासारखी दिसते म्हणून हिणवली गेली. पण १९८६ मध्ये व्हँकूव्हरला जिम ग्लोव्हरने हवेचा अडथळा कमी करणारे कवच लावलेल्या मोल्टनवर ताशी ८२ किलोमीटरचा वेग गाठला.

आपल्याकडच्या दूधवाल्यांच्या आणि पोस्टमनच्या काळ्या सायकलीत यातले काहीच नव्हते, तरी ती खडीच्या रस्त्यावर माणसाला सांभाळून नेई. तिचा चिमटा शर्यतीच्या सायकलीपेक्षा जास्त कललेला आणि टोकाला लांब वाक दिलेला असे. चिमटा वरच्या टोकाशी धरलेला आणि खाली मोकळा, म्हणजे त्रिकोणाबाहेरचा एकमेव भाग. कललेला असल्यामुळे तो धक्क्याबरोबर लवतो. त्याला अठ्ठावीस इंची चाके, दीड इंची टायर आणि खाली स्प्रिंगा असलेली चामड्याची सीट यांची जोड. ब्रिटिश रोडस्टरचा हा नमुना आपल्या कारखान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ न बदलता बनवला.

आता बांबू. १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये बांबूच्या सायकली विकल्या जात; त्यानंतर शंभरेक वर्षांनी कॅलिफोर्नियात क्रेग कॅल्फी यांनी ती कला पुन्हा उभी केली आणि घानामध्ये ती शिकवायला मदत केली. पुण्यातही बांबूच्या सायकली तयार झाल्या आहेत. वजनाच्या मानाने बांबूचा ताठपणा पोलादाच्या जवळपास येतो आणि थरथर तो धातूपेक्षा लवकर जिरवतो. पोकळ जाड बांबू मुख्य नळ्यांना योग्य. मागच्या दांड्यांसाठी मात्र सिंधुदुर्गात आणि गोव्यात होणारा, जवळजवळ भरीव असा माणगा मला अधिक योग्य वाटतो. तेवढ्याच वजनाची भरीव काठी पोकळ काठीपेक्षा बारीक असते, म्हणून जास्त लवते आणि तेवढ्याच वाकण्यात तिच्या धाग्यांवर ताण कमी येतो. सरळ काठी त्रिकोणात बसवली तर ती नुसती दाबली जाईल आणि लवणार नाही; तिला आधी शेकून किंचित बाक द्यावा लागेल, मग ती धक्क्याबरोबर आणखी वाकून परत येईल.

अवघड काम सांध्याचे आहे. बांबू झाळता येत नाही. राळेत भिजवलेला ताग किंवा कार्बनचा धागा सांध्याभोवती गुंडाळतात. ही गुंडाळी दगडासारखी ताठ होते आणि तिच्या कडेपाशी लवणारा बांबू एकदम सुरू होतो. सगळा ताण त्या कडेवर जमतो. म्हणून गुंडाळी टोकाकडे थराथराने पातळ करत न्यावी लागते, कमानपाट्यातल्या पट्ट्या जशा एकाखाली एक आखूड होत जातात त्याच कारणाने. पावसाळ्यात बांबू फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो, तेव्हा कापण्याआधी तो पुरता वाळवणे आणि फ्रेमवर सगळीकडून लेप देणे चुकवून चालत नाही. सायकलच्या आंतरराष्ट्रीय मानकांत फ्रेमची एक परीक्षा आहे: दोन्ही पायडलांवर आळीपाळीने, माणसाच्या पूर्ण वजनाहून अधिक, सुमारे १,००० ते १,२०० न्यूटनचा दाब १ लाख वेळा द्यायचा आणि कुठेही चीर पडता कामा नये. लवणाऱ्या फ्रेमसाठी पायडलांच्या जोडीने सीटवरही तेवढ्याच चिकाटीने भार द्यावा, आणि चीर शोधताना आधी गुंडाळीच्या त्या कडा तपासाव्यात.